केशवापूरची नदी कोणती?

हुबळी शहराचे वर्णन करणारा प्रवासी बहुधा आगगाडीपासून आरंभ करतो, आणि ते स्वाभाविकच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेने येथे रूळ टाकले, कारखाना उभारला आणि एका व्यापारी पेठेचे रूपांतर रेल्वेच्या मोठ्या ठाण्यात झाले. २००३ पासून दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय येथे आहे. २०२३ साली येथील स्थानकावर १,५०७ मीटर लांबीचा फलाट खुला झाला. जगातील सर्वांत लांब फलाट अशी त्याची ख्याती आहे. या रेल्वेच्या आसऱ्यानेच केशवापूर हे उपनगर वाढले. पोटापाण्यासाठी चारी दिशांनी आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. आज एकाच गल्लीत कन्नड, मराठी, कोकणी, तमिळ, तेलुगू आणि उर्दू ऐकू येते. मुले घरी एक भाषा बोलतात, शाळेत दुसरी आणि खेळताना तिसरी.

गावाची ओळख आपल्याकडे नदीच्या नावाने सांगण्याची रीत आहे. नाशिक म्हटले की गोदावरी, सांगली म्हटले की कृष्णा, पणजी म्हटले की मांडवी. मग केशवापूर म्हटले की कोणती नदी? येथील एखाद्या शाळकरी मुलास हा प्रश्न विचारून पाहावा. तो गोंधळून जाईल. त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. हुबळीच्या काठाने एकही मोठी नदी वाहत नाही. आणि ज्या गावाला डोळ्यांपुढे नदी दिसत नाही, त्या गावाला नदीविषयी आपले काही कर्तव्य आहे ही गोष्ट सुचणेही कठीण असते. प्रस्तुत लेखाचा विषय हेच कर्तव्य आहे.

हुबळीला नदी नाही याचे कारण भूगोलात आहे. हुबळी-धारवाडचा प्रदेश म्हणजे घराच्या छपराचे आढे समजावे. आढ्याच्या एका बाजूस पडलेले पाणी पुढील अंगणात जाते, दुसऱ्या बाजूचे परसात. धारवाडजवळ सोमेश्वराच्या देवळापाशी शाल्मला उगम पावते, हुबळीच्या पश्चिमेस बेडती उगम पावते. कलघटगीच्या बाजूस या दोघी एकत्र होतात, यल्लापूरजवळ मागोडचा धबधबा घेऊन खाली उतरतात आणि गंगावळी या नावाने अरबी समुद्रास मिळतात. हुबळीच्या पूर्वेस पडलेला पाऊस मात्र काळ्या रानातून ओढ्याओढ्यांनी बेण्णीहळ्ळात जातो, तेथून मलप्रभेत, मलप्रभेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. एकाच सरीचे दोन थेंब दोन समुद्रांच्या वाटेला लागावेत अशी ही जागा आहे. आढ्यावर राहणाऱ्या माणसाच्या दारात पाणी साठत नाही. ते त्याला दुरून आणावे लागते.

आणि हुबळीने पाणी नेहमीच दुरून आणले आहे. प्रथम उणकलच्या तलावाने गावाची तहान भागविली. त्या तलावाजवळच्या गावात चंद्रमौळेश्वराचे चालुक्यकालीन देऊळ आहे. त्याची कोरीव दारे पाहण्यास आजही लोक वाट वाकडी करून जातात. स्वातंत्र्यानंतर बेडतीच्या प्रवाहावर नीरसागर जलाशय झाला. अवर्षणात तो कोरडा पडल्याचेही हुबळीकरांनी पाहिले आहे. १९६२ साली हुबळी आणि धारवाड या दोन शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली, वस्ती वाढत गेली, आणि मग सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे मलप्रभेवर बांधलेल्या धरणातून नळ आणावे लागले. ‘नविलु’ म्हणजे मोर. मोरांच्या त्या तीर्थावरील रेणुकासागरातून आलेले पाणी आज केशवापूरच्या हंड्याकळशांत पडते. हे पाणी कधी येणार, याची वाट अनेक वस्त्यांनी वर्षानुवर्षे आठवडा-आठवडा पाहिली आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या योजनेनुसार २००८ च्या सुमारास काही निवडक भागांत चोवीस तास पाणी सुरू झाले, तेव्हा शेजारच्या गल्लीतील गृहिणींनी त्या नळांकडे ज्या नजरेने पाहिले असेल, तिची कल्पना वाचक भगिनींना सहज येईल.

तेव्हा केशवापूरची नदी मलप्रभा, असे एक उत्तर झाले. ती आपल्याकडे काठाकाठाने न येता नळातून येते, एवढेच. ही आपली नदी मुळात कशी दिसते ते पाहावे, म्हणून पावसाळा संपता संपता आम्ही तिघे स्नेही तिच्या उगमाकडे निघालो.

हुबळीहून धारवाड, धारवाडहून कित्तूर असा रस्ता आहे. राणी चन्नम्माने १८२४ साली इंग्रजांशी जेथे झुंज दिली, तो कित्तूरचा भग्न वाडा डाव्या-उजव्या शेतांतून मागे पडतो आणि थोड्याच वेळात मुगुटखान हुबळी हे गाव लागते. येथे मलप्रभेचे पहिले दर्शन घडते. बसवेश्वरांची पत्नी गंगांबिका हिचे ऐक्यस्थळ नदीच्या पात्रातच आहे आणि यात्रेकरू तेथे जातात. पात्र रुंद, पाणी मंद आणि मातकट. पुढे बेळगाव सोडून जांबोटीच्या बाजूस वळले की सारा प्रदेशच पालटतो. काळी माती जाऊन तांबडी येते, ज्वारीच्या जागी भात दिसू लागतो, आणि घरांची छपरे पावसाला भिऊन खाली वाकलेली असतात. दुकानांत कानडीबरोबर मराठी ऐकू येऊ लागते. हा खानापूर तालुका. गोव्याच्या सीमेलगत, चोर्ला घाटाच्या वाटेवर, दाट रानात कणकुंबी हे गाव आहे. तेथे माउली देवीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते.

उगम पाहून मनुष्य प्रथम निराश होतो. एवढे मोठे धरण भरणारी, बदामी-पट्टदकल-ऐहोळेच्या मंदिरांना पाणी पाजणारी आणि सुमारे तीनशे किलोमीटर चालून कूडलसंगम येथे कृष्णेस मिळणारी ही नदी येथे एका कुंडातून हळूच बाहेर पडते. ती ओलांडण्यास पायातील वहाणाही काढाव्या लागत नाहीत. पण जरा आजूबाजूस पाहिले म्हणजे नदीचे खरे भांडार दिसते. ते भांडार म्हणजे रान. या भागात वर्षाला चार हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तोच पाऊस नवलगुंद-नरगुंदाकडे सहाशेच्या आसपास उरतो. झाडांची मुळे, पालापाचोळा आणि भुसभुशीत माती हा चार महिन्यांचा पाऊस शोषून घेतात आणि पुढील महिन्यांत थोडा थोडा परत देतात. रान तोडले तर पाऊस तेवढाच पडेल, परंतु तो चार दिवसांत वाहून जाईल आणि मार्चमध्ये नदीत दगड दिसू लागतील.

देवळापाशी एक वृद्ध बाई बसल्या होत्या. आमच्यातील एकाने विचारले, “आजी, एवढा पाऊस पडतो, तेव्हा तुमच्याकडे पाण्याला काही तोटा नसेल.”

“पावसाळ्यात नाही रे बाळा,” त्या म्हणाल्या. “उन्हाळ्यात ये बघायला. डोंगरावरच्या वाड्यांतल्या बाया घागरी घेऊन किती लांब जातात ते दिसेल. तुम्ही कुठले?”

“हुबळीचे.”

“म्हणजे आमचं पाणी पिणारे,” असे म्हणून आजी हसल्या. त्या हसण्यात तक्रार नव्हती; पण आम्हास काही क्षण उत्तर सुचले नाही.

कणकुंबीत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यामुळेच हे लहान गाव तीन राज्यांच्या वृत्तपत्रांत गाजले. मलप्रभा येथून पूर्वेस जाते, तर त्याच परिसरातून कळसा नावाचा ओढा पश्चिमेस उतरतो आणि म्हादई नदीस मिळतो. म्हादई याच खानापूर तालुक्यात देगावच्या रानात उगम पावते आणि गोव्यात शिरून मांडवी होते. कळसा आणि भांडुरा या म्हादईच्या उपप्रवाहांचे काही पाणी वळवून मलप्रभेत सोडावे, म्हणजे हुबळी-धारवाड आणि आसपासच्या गावांना पिण्यास मिळेल, अशी कर्नाटकाची योजना आहे. २००६ साली तिच्या कामास प्रारंभ झाला आणि कणकुंबीजवळ कालव्यांचे खोदकामही झाले. गोव्याने हरकत घेतली. २०१० साली लवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला: कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट. कर्नाटकाच्या वाट्यातील बराच भाग वीजनिर्मितीसाठी असून मलप्रभेत वळविण्यासाठी ३.९ अब्ज घनफूट आहेत. निवाड्याने समाधान कोणाचेच झाले नाही. तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.

या वादात दोन्ही बाजूंस स्वयंसेवक आहेत, ही गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. गोव्यात ‘म्हादई बचाव अभियान’ या संघटनेने न्यायालयात आणि गावोगावी ही बाजू लावून धरली. त्यांचे म्हणणे असे, की मांडवीचे गोडे पाणी कमी झाले तर भरतीचे खारे पाणी आणखी आत चढेल. शेती, मासळी आणि पिण्याच्या पाण्याच्या योजना यांना धोका पोहोचेल. आणि १९९९ साली गोव्याने घोषित केलेले म्हादई अभयारण्य व २०११ साली कर्नाटकाने घोषित केलेले भीमगड अभयारण्य यांचा ओलावाच हरपेल. खानापूर-बेळगावकडील निसर्गप्रेमी नागरिकांतही असेच म्हणणारे आहेत. दुसऱ्या बाजूस नरगुंद-नवलगुंदाचे शेतकरी आहेत. मलप्रभेच्या कालव्यावरील करामुळे १९८० च्या जुलै महिन्यात तेथे शेतकऱ्यांचा उठाव झाला होता आणि गोळीबारात माणसे मेली होती. म्हादईच्या पाण्यासाठी २०१५ च्या जुलैपासून याच नरगुंदात शेतकऱ्यांनी दीर्घकाळ धरणे धरले. त्यांच्या विहिरी आटलेल्या असतात हे काही खोटे नाही.

केशवापुरातील मराठी अथवा कोकणी कुटुंबाची यात फार विलक्षण अवस्था होते. मामा डिचोलीस किंवा साखळीस, मावशी खानापुरास आणि आपला नळ हुबळीत! सणावारी एकत्र बसले असता पाण्याचा विषय निघाला, की जेवणाचा रंग बेरंग होतो. एक म्हणतो, “आमची नदी तोडता.” दुसरा म्हणतो, “आमची मुले तहानलेली ठेवता.” दोघेही खरे बोलतात. अशा वेळी कोणाची बाजू घ्यावी, असा प्रश्न आम्हासही पडला. परंतु उगमापाशी न सुटलेला हा प्रश्न पाण्याच्या दुसऱ्या टोकाशी गेल्यावर जरा निराळा दिसू लागला. म्हणून वाचकांनी आता आमच्याबरोबर कणकुंबीहून परत हुबळीस यावे आणि पाणी वापरून झाल्यावर कोठे जाते तेही पाहावे.

उणकल तलावाच्या सांडव्यापासून निघालेला नाला हुबळी शहराच्या मधून वाहतो. एके काळी तो पावसाच्या पाण्याचा ओढा होता. आज त्याच्या दोन्ही बाजूंस दाट वस्ती आहे आणि मोऱ्यांचे पाणी त्यात येते. तलावात आणि नाल्यात मधून मधून जलपर्णीची हिरवी चादर पसरलेली असते. जांभळ्या फुलांमुळे ती दुरून मोहक वाटते. पण ती चांगल्या पाण्याची खूण नव्हे. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हे तिचे खाद्य. ते भरपूर मिळाले की थोड्याच आठवड्यांत ती दुप्पट-चौपट होते, खालील पाण्याचा उजेड अडविते आणि कुजू लागली की पाण्यातील प्राणवायू संपविते. माशास श्वास घेण्यास जो विरघळलेला प्राणवायू लागतो, तो घाण कुजविणारे जंतू आधीच खाऊन टाकतात. नाल्यास येणारी दुर्गंधी म्हणजे प्राणवायू संपल्याची वर्दी होय.

हा नाला शहर सोडून बिडनाळ, गब्बूर, कटनूर या गावांच्या बाजूने आग्नेयेस जातो आणि अखेर त्याचे पाणी बेण्णीहळ्ळाकडे वळते. गब्बूरच्या पुढे काठावरील शेतांत पाणी उपसण्याचे पंप दिसले. नाल्याचे पाणी शेतास देण्याची रीत या भागात जुनी असून तिच्यावर विद्यापीठांतील संशोधकांनी अभ्यासही केला आहे. एका शेतकऱ्याशी बोलण्याचा योग आला. आमच्यातील एकाने कानडीत विचारले, तेव्हा तो मराठी मिसळून म्हणाला, “अण्णा, पावसाळा दगा देतो, नाला दगा देत नाही. खतही विकत घ्यावे लागत नाही. पण तण फार माजते, कीड फार पडते, आणि पाण्यात उभे राहिले की पायांना खाज सुटते.” मग थोडे थांबून तो म्हणाला, “शहराने पाणी स्वच्छ करावे, पण बंद करू नये. नाहीतर आम्ही काय करायचे?”

नदी वाचविण्याच्या उत्साहात या माणसाचा विसर पडता कामा नये. त्याला हवे आहे ते पाणीच. घाण त्याने मागितलेली नाही, ती आपण त्याच्याकडे धाडलेली आहे.

आणखी पुढे नवलगुंद तालुक्यात यमनूर हे गाव बेण्णीहळ्ळाच्या काठी आहे. कानडीत ‘बेण्णी’ म्हणजे लोणी आणि ‘हळ्ळ’ म्हणजे ओढा; लोण्याचा ओढा! यमनूरला राजा बागसवार चांगदेवाचे स्थान आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही तेथे मोठ्या संख्येने यात्रेस जमतात. या ओढ्याच्या पाण्याने अंगावरील रोग बरे होतात, अशी भाविकांची समजूत आहे आणि म्हणून ते त्यात स्नान करतात. तेलाऐवजी या पाण्याने तेथे दिवे लागतात, अशीही श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. २०१६ च्या जुलै महिन्यात लवादाने अंतरिम पाण्याची मागणी फेटाळली, तेव्हा झालेल्या दंगलीत याच यमनूरचे नाव वृत्तपत्रांत आले होते. वरून म्हादईचे पाणी मिळाले नाही म्हणून ज्या गावात लाठ्या चालल्या, त्या गावाजवळून वाहणाऱ्या ओढ्यात शहराची घाण येऊन मिळते. आणि हा ओढा पुढे कोणास मिळतो? मलप्रभेस! जिच्या उगमाशी आजी भेटल्या आणि जी नविलुतीर्थाहून आपल्या नळात येते, त्याच नदीस धरणाच्या खालच्या अंगास आपण आपले उष्टे पाणी परत करतो.

आता थोडा हिशेब मांडू. २०११ च्या जनगणनेत हुबळी-धारवाडची लोकसंख्या ९,४३,८५७ होती. शहरात दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी प्रमाण आहे. या प्रमाणाने शहरास दिवसाला सुमारे १२ कोटी ७४ लाख लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे १.६ अब्ज घनफूट पाणी लागेल. पाणीपुरवठ्याचे अभियंते असे धरून चालतात, की घरात आलेल्या पाण्यापैकी शंभरातील ऐंशी भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो. म्हणजे वर्षाला सुमारे १.३ अब्ज घनफूट. म्हादईतून जे ३.९ अब्ज घनफूट पाणी वळविण्यासाठी तीन राज्ये न्यायालयाची पायरी चढली, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी हे! तेवढे पाणी पूर्ण शुद्ध करून गब्बूरच्या शेतकऱ्यास, बागांना, कारखान्यांना अथवा बेण्णीहळ्ळास द्यावयाचे की घाण करून सोडावयाचे, हे ठरविण्यास मात्र लवादाची अथवा दुसऱ्या राज्याच्या संमतीची गरज नाही. शुद्धीकरणाची व्यवस्था अलीकडच्या काळात उभी राहू लागली आहे, तरीही नाल्याकाठी उभे राहिले असता अजून किती मोऱ्या त्या व्यवस्थेच्या बाहेर आहेत, ते नाकासच कळते.

म्हणून आमचे मत असे झाले, की म्हादईचे पाणी मागावे की न मागावे हा वाद न्यायालय सोडवो. परंतु वरच्या गावाकडे पाणी मागणाऱ्याने खालच्या गावास आपण काय देतो याचा हिशेब आधी द्यावा. कणकुंबीच्या आजीस आणि गब्बूरच्या शेतकऱ्यास जोडणारा धागा केशवापुरातून जातो. नदीचे रक्षण करणे म्हणजे हा धागा सांभाळणे.

सामान्य माणसाच्या हाती काय आहे, असे कोणी विचारील. त्यास या भागातलीच एक हकिगत सांगण्यासारखी आहे. बेडती नदीवर शिरसी-यल्लापूरच्या रानात मोठे वीजधरण बांधण्याचे १९७० नंतरच्या दशकात ठरले. शिरसीच्या सुपारी-बागाईतदारांची ‘तोटगार्स’ ही १९२३ साली स्थापन झालेली सहकारी संस्था आहे. या बागाईतदारांनी केवळ घोषणा दिल्या नाहीत. त्यांनी शास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ यांना बोलाविले, १९८१ च्या जानेवारीत शिरसी येथे परिसंवाद भरविला आणि धरणाच्या नफातोट्याचा हिशेब पुन्हा मांडून घेतला. बुडणाऱ्या रानाची आणि बागांची किंमत मूळ हिशेबात नीट धरलेलीच नाही, असे त्यातून दिसले. योजना बाजूस पडली. हुबळीच्या उशाशी उगम पावणारी बेडती आजही मागोडवरून उडी घेते, याचे श्रेय मोठ्या अंशी त्या बागाईतदारांच्या वहीला आहे. तिकडे वसईतही १९८० नंतरच्या दशकात असेच घडले. टँकरांनी विहिरींचे पाणी उपसून नेल्याने त्या खाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी यांनी ‘हरित वसई संरक्षण समिती’द्वारे लोकांना उभे केले. तेथील कित्येक आजीआजोबांनी आयुष्यात पहिला मोर्चा काढला तो पाण्यासाठी.

केशवापुरात मोर्चाची गरज असेलच असे नाही. वहीची मात्र आहे. उणकलपासून गब्बूरपर्यंतचा नाला वर्षातून तीनदा, म्हणजे उन्हाळ्यात, पहिल्या पुरानंतर आणि हिवाळ्यात, दहा-वीस तरुणांनी चालून पाहावा. कोठे कोणत्या मोरीचे पाणी मिळते, कोठे कचरा टाकला जातो, कोठे जलपर्णी वाढली आहे, कोठे अजून बगळे आणि मासे दिसतात, याची तारीखवार नोंद ठेवावी. २०१९ साली केंद्र सरकारच्या ‘सिटीज’ योजनेत देशातील बारा प्रकल्प निवडले गेले. त्यांत याच नाल्याकाठच्या हरित मार्गाचा समावेश होता आणि त्याला फ्रान्स व युरोपीय संघ यांचे साह्य होते. नाल्याच्या काठाने पायवाट आणि सायकलवाट व्हावी ही कल्पना उत्तमच. पण वाटेवरून जाणाऱ्याने नाकास रुमाल लावावा लागू नये, याची चौकशी करणारे नागरिकही हवेत. वही घेऊन महानगरपालिकेत गेलेल्या दहा माणसांना परतवणे कोणत्याही अधिकाऱ्यास सोपे नसते.

दुसरे काम घरातले आहे. आपल्या घराची, चाळीची, शाळेची, प्रार्थनास्थळाची मोरी जमिनीखालच्या गटारास जोडलेली आहे की पावसाच्या नाल्यात सोडलेली आहे, हे किती जणांस ठाऊक आहे? बहुतेकांस नसते. एक दिवस बादलीभर रंगीत पाणी मोरीत ओतून शोध घ्यावा. उरलेले तेल, औषधे आणि प्लास्टिक मोरीत टाकू नये. छपरावरील पावसाचे पाणी गाळून विहिरीत अथवा टाक्यात सोडावे. आढ्यावर राहणाऱ्या माणसास पडलेला थेंब अडविण्यावाचून दुसरा मार्ग नाही. यांत काही मोठे धैर्य लागत नाही, चिकाटी मात्र लागते. एका रविवारी फावडी घेऊन छायाचित्र काढणारे पुष्कळ असतात. पुढच्या वर्षी त्याच मोरीपाशी पुन्हा येणारा विरळा.

तिसरे काम प्रवासाचे आहे. आपण मुलांना सहलीस किल्ले आणि बागा दाखवितो. एक सहल कणकुंबीची करावी आणि दुसरी गब्बूर-यमनूरची. पहिल्या सहलीत मुलांनी कुंडातले पाणी ओंजळीत घ्यावे. दुसऱ्या सहलीत ते घेता येणार नाही, आणि का घेता येत नाही हे त्यांनी काठावरील शेतकऱ्याच्या तोंडून ऐकावे. डिचोलीचा मामा आणि खानापूरची मावशी यांनाही बरोबर घ्यावे. कदाचित त्या दिवशी जेवताना पाण्याचा विषय निघाला तरी जेवणाचा बेरंग होणार नाही, कारण आपण मागण्याबरोबर काही करूनही दाखविले आहे असे केशवापूरच्या माणसास सांगता येईल.

असो. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे आमचे उत्तर आता असे आहे: केशवापूरची नदी एक नसून दोन आहेत. एक मलप्रभा, जी आपण पितो. आणि दुसरी बेण्णीहळ्ळ, जिला आपण आपले पाणी देतो. पहिलीविषयी आपण फार बोलतो, दुसरीचे नावही अनेकांस ठाऊक नसते. यंदा यमनूरची यात्रा भरेल तेव्हा दूरदूरचे भाविक, हिंदू आणि मुसलमान, मोठ्या श्रद्धेने त्या ओढ्यात उतरतील. आपल्या लेकरांच्या अंगावर ते ओंजळभर पाणी घालतील. ते पाणी कसे असावे, हे वरच्या अंगास राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हाती आहे.